रुएनच्या दुकानापुढे अर्धविराम

ठिपक्यावर बोट ठेवलं की चौकट उघडते
आणि विचारते, हे काय आहे?
उत्तराला जागा एकाच शब्दाची.

मी मेयोच्या पश्चिम किनाऱ्यावर टपाल वाटते.
संध्याकाळी बूट काढून गाव नकाशात भरते,
दगडी कुंपणं, पाणवठे, बंद पडलेली शाळा,
फुकट, जगातल्या कुणाहीसाठी.
रुएनच्या दुकानापाशी मात्र हात अडतो.

पुढच्या खोलीत चहापत्ती, खिळे, मेंढ्यांचं जंताचं औषध.
मधलं दार ढकललं की गुत्ता,
तीन स्टुलं आणि एक धुरकट शेगडी.
त्याच्याही मागे, बिअरच्या पिंपांना टेकून,
शवपेट्या. ओकच्या चार,
आणि एक लहान, पांढरी,
जी मॅलकी रुएननं तीस वर्षांत विकली नाही
आणि टाकूनही दिली नाही.

म्हणून मी लिहिलं
किराणा; दारू; अंत्यविधी
मध्ये अर्धविराम, नियमाप्रमाणे.
पण नकाशा रंगवणारं यंत्र अर्धविरामाला ठेचकाळलं.
टोपली काढेना, पेला काढेना, क्रूसही काढेना.
गावातलं सगळ्यात भरलेलं दुकान
राखाडी टिंब होऊन बसलं.

ड्रेस्डेनचा कुणी हार्टविग. सज्जन माणूस.
त्यानं एका रात्रीत टिंबाची तीन टिंबं केली,
चार-चार मीटरवर, नीट ओळीत.
एका म्यानात तीन तलवारी कशा राहतील,
अशा अर्थाचं काहीतरी नम्रपणे कळवलं.
नकाशा लख्ख दिसू लागला.

मग एका दुपारी एक परकी बाई
मागच्या भिंतीपाशी भिजत उभी,
फोनकडे बघत, तिसरं दार शोधत.
दार एकच आहे, बाई. हिरवं. खाली घासतं, जरा उचलून ढकला.
मॅलकीनं तिला शेगडीपाशी बसवलं, टोपी काढून हातात घेतली,
हळू आवाजात विचारलं, कोण गेलं?
तिला दूध हवं होतं. अर्धा लिटर.

मी तिन्ही टिंबं पुन्हा एक केली.
हार्टविगला लिहिलं: इथे माणूस गेला
की मॅलकीची लेक अट्रॅक्टा मापाची फीत घेऊन जाते,
परत येऊन त्याची उधारी वहीतून खोडते,
आणि खांदेकऱ्यांना पहिला पेला स्वतः ओतते.
या सगळ्याला मिळून एक शब्द असायला हवा होता.
तुमच्या यादीत सापडला तर कळवा.

त्यानं यादी बघितली असावी. चार दिवसांनी उत्तर आलं:
बरं. पण क्रम कुठला? बरीच यंत्रं पहिलाच शब्द वाचतात.

हे खरं अवघड होतं.
सोमवारी वाटे किराणा आधी, शनिवारी वाटे दारू.
शेवटी पत्रं देता देता मॅलकीलाच विचारलं.
त्यानं चष्मा पुसला. म्हणाला,
गिऱ्हाईक ज्या क्रमानं येतं, त्याच क्रमानं लिही.
आधी आईचं बोट धरून, गोळ्या घ्यायला.

फेब्रुवारीत तो गेला.
अट्रॅक्टानं बापाचं माप घेतलं. फीत लागली नाही म्हणे,
नुसत्या नजरेनं.
उरलेल्या ओकच्या पेट्या कासलबारच्या कंपनीनं नेल्या.
पांढरी कुठे गेली, मी विचारलं नाही.
आता हे काम बंद, ती म्हणाली,
आणि माझ्या पिशवीत पावाची लादी कोंबली.

रात्री चौकट उघडली.
तिसरा शब्द खोडला, एकेक अक्षर, मागून पुढे.
किराणा; दारू;
आणि तिथेच थांबले.

तपासनीस यंत्र लाल झालं:
अर्धविरामापुढे काही नाही. चूक दुरुस्त करा.

हार्टविग दर मंगळवारी असली शेपटं छाटतो,
अख्ख्या आयर्लंडची, एका झटक्यात.
हा मंगळवार गेला.
परवाचाही गेला.